वांग, डाग आणि एक ट्यूब

गेल्या वर्षी तोंडी परीक्षेला आलेली एक विद्यार्थिनी चेहऱ्यावरची ओढणी काढायला तयार होईना. मुलगी सातपाटीकडची, घरच्या बायांबरोबर उन्हात बोंबील वाळत घालणारी. परीक्षा संपल्यावर हळूच म्हणाली, “मॅडम, डाग जावेत म्हणून ट्यूब लावत होते. आठ दिवसांत चेहरा उजळला. आता थांबवली की नुसती आग होते.” २०१४ साली पालघर जिल्हा झाला, कोळगावला मुख्यालय आले, चेहऱ्याचे निदान मात्र अजूनही दुकानाच्या काउंटरवरच होते.

तिच्या बोलण्यातला ‘डाग’ हा शब्द मला खटकला. तिची आजी बहुधा ‘वांग आले’ म्हणाली असती. हा शब्द संस्कृत ‘व्यंग’पासून आलेला. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये त्याचे वर्णन आहे : मुखावरचे पातळ, वेदनारहित, काळसर मंडल, कारणे क्रोध आणि श्रम. आजचे वैद्यक ऊन, गर्भारपणातील संप्रेरके आणि आनुवंशिकता यांकडे बोट दाखवते. दोन्हीकडे वांग ही शरीराची एक अवस्था आहे. ‘डाग’ मात्र कपड्याला पडतो, चारित्र्याला लागतो; तो धुऊनच काढायचा असतो, आणि तोही झटपट. त्या ट्यूबची जाहिरात या एका शब्दातच झालेली असते.

झटपट उजळवणाऱ्या अशा मलमांत बरेचदा स्टेरॉइड असते. सुरुवातीला रंग फिकटतो. पुढे त्वचा पातळ होते, लाली येते, पुरळ उठते, लव वाढते. २०१८ साली अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी झाली, पण मागणी थांबली नाही. काही क्रीममध्ये तर पारा सापडतो. अकोल्यातील एका कुटुंबातील तिघींच्या मूत्रपिंडांना अशा क्रीममुळे इजा झाल्याचे २०२३ साली वृत्तपत्रांत आले होते. त्याआधी २०२० साली ‘फेअर अँड लव्हली’ने नावातले ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातले. शब्द बदलला, आरशासमोरची धास्ती तीच राहिली.

डोळ्यांखालच्या काळेपणाचेही तसेच. आपण लगेच ‘जागरण’ म्हणून मोकळे होतो. वास्तविक तिथली त्वचा इतकी पातळ असते की खालच्या रक्तवाहिन्या दिसतात. कुणाला तो रंग वारशाने मिळतो, कुणाला ॲलर्जीने डोळे चोळून, तर कुणाच्या बाबतीत ती केवळ खोबणीची सावली असते. कारण वेगळे, म्हणून उपायही वेगळा.

कुणी म्हणेल, हा साहित्याच्या अध्यापकाचा प्रांत नव्हे. उपचार त्वचारोगतज्ज्ञानेच करावा, हे खरेच. रोज सनस्क्रीन, उन्हात टोपी किंवा पदर, तज्ज्ञाने ठरावीक मुदतीसाठी दिलेले औषध, आणि काही महिन्यांचा धीर. एवढे करूनही वांग पुन्हा येऊ शकतात, हे त्या मुलीला कुणीतरी आधी सांगायला हवे होते. पण ‘निष्कलंक’, ‘गौरकांती’, ‘चंद्रमुखी’ ही विशेषणे आम्हीच वर्गात वर्षानुवर्षे निःशंकपणे समजावून देतो. ती समजावताना समोरच्या बाकांवरचे चेहरे आम्ही कधी पाहतो का?

त्या मुलीला मी तज्ज्ञाकडे जायला सांगितले. तिने विचारले, “काय झालंय म्हणून सांगू?” म्हटले, “वांग आलेत म्हण. आणि ट्यूब सोबत ने.”