शेवटचा हप्ता देण्याआधी

रेणापुरातल्या जुन्या घरांच्या न्हाणीत शहाबादी फरशी असे. तिचा उतार ठळक, सांधे रुंद. पाणी कुठे मुरते ते उघड दिसायचे. आता बहुतेक घरांत टाइल्सचे बाथरूम आले आहे. ते दिसते छान, पण काम कच्चे असेल तर वरून काही कळत नाही. सहा महिन्यांनी शेजारच्या खोलीच्या भिंतीला ओल येते, रंगाचे पापुद्रे सुटतात, कोपऱ्यात पाणी साचते आणि वुजू करून उठताना घरातल्या वडीलधाऱ्यांचा पाय घसरतो.

मग मिस्त्रीशी वाद सुरू होतो. इथे आपल्या घरांत एक अडचण असते. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, हे आपण मुलांना लहानपणापासून सांगतो. मग खराब कामाचे पैसे रोखावेत की रोखू नयेत? माझ्या मते, या प्रश्नाचे उत्तर काम संपल्यावर शोधायचे नसते. ते काम सुरू होण्याआधी कागदावर लिहायचे असते.

काम गुत्त्याने द्यायचे ठरले की एक साधा कागद घ्या. किती चौरस फूट, काय दर, सिमेंट-वाळू कोणाची, ओल अडवणारे वॉटरप्रूफिंग कोण करणार, हप्ते किती, हे त्यावर लिहा. त्याखाली एक ओळ आवर्जून घाला : ‘एकूण रकमेचा दहावा हिस्सा पाण्याची तपासणी झाल्यावर द्यायचा.’ दोघांनी सह्या कराव्यात. अशी बोली झाली की ती रक्कम आपण अडवलेली नसते, तिची वेळच अजून आलेली नसते. मिस्त्रीच्या हाताखालच्या मजुरांचा रोज मात्र या रकमेत अडकू देऊ नका. ज्याने दिवसभर घमेली वाहिली, त्याचा उताराशी काही संबंध नाही.

आता तपासणी. पहिली तपासणी टाइल बसवण्याआधी, वॉटरप्रूफिंग वाळल्यावर. पाणी जायची वाट कापडाने घट्ट बंद करा आणि जमिनीवर दोन इंच पाणी चोवीस तास उभे ठेवा. चार बाय सहा फुटांच्या न्हाणीला सुमारे ११० लिटर, म्हणजे सात-आठ बादल्या लागतात. दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडे किंवा खालच्या छताला ओल दिसली, तर दुरुस्ती त्याच टप्प्यावर होते आणि स्वस्तात होते. ते पाणी फेकू नका, भिंतीच्या प्लास्टरवर मारा.

पाण्याचा विषय आपल्याकडे साधा नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. टंचाईत प्लास्टरला पाणी मारणे हमखास मागे पडते. नीट न भिजलेले प्लास्टर भुसभुशीत राहते आणि पुढे टाइल त्या थरासकट सुटते. पाणी पुरवायची जबाबदारी घरमालकाची असेल आणि पाणी दिलेच नसेल, तर हा दोष मिस्त्रीच्या माथी मारता येणार नाही. शक्य असेल तर हे काम पावसाळा संपल्यावर काढावे.

दुसरी तपासणी टाइल बसत असताना. भिंतीची सिरॅमिक टाइल पाणी पिते. ती भिजवून सिमेंटवर बसवली की धरते. व्हिट्रिफाइड टाइल जवळजवळ पाणी पीतच नाही, तिचे शोषण अर्ध्या टक्क्याहून कमी असते. त्यामुळे नुसत्या सिमेंटची तिच्यावर नीट पकड बसत नाही. तिच्यासाठी टाइल चिकटवायचा खास मसाला येतो. पोत्यावर आयएस १५४७७ हा क्रमांक पाहून घ्या. टाइलच्या मागे चार कोपऱ्यांना चार गोळे आणि मध्ये एक गोळा लावून ती दाबून टाकणे ही घाईची पद्धत आहे. मधल्या जागा पोकळ राहतात. मसाला ओला असतानाच सांगावे, “मिस्त्रीभाई, एक टाइल काढून दाखवा ना.” मागची बाजू मसाल्याने भरलेली दिसली पाहिजे. चांगल्या मिस्त्रीला याचा राग येत नाही.

खोक्यावरचा शेडचा क्रमांक आणि टाइलचा बाक बसवण्याआधीच बघा. टाइल एकदा भिंतीला लागली की दुकानदार सहसा तक्रार ऐकून घेत नाही. चार-सहा टाइल जादा घेऊन ठेवा. पुढे तोच रंग मिळेल याची खात्री नसते.

तिसरी तपासणी काम झाल्यावर, मिस्त्रीच्या समोर. नाण्याने प्रत्येक टाइल हलके वाजवा. भरीव टाइलचा आवाज घट्ट येतो, पोकळ टाइलचा भद्द. भद्द आवाजाच्या टाइलवर पेन्सिलने खूण करा. मग जमिनीवर एक बादली पाणी ओता आणि पंधरा मिनिटे थांबा. जाळीकडे सहा फुटांत पाऊण ते एक इंच उतार असेल तर डबके राहत नाही. राहिले, तर त्या जागेचा फोटो काढा. सांध्यांत ग्राउट कुठे सुटले आहे तेही बघून घ्या.

दोष निघाला तर आवाज चढवू नका. यादी करा. एक-दोन टाइल पोकळ असतील तर तेवढ्याच काढून बसवता येतात. सांधे पुन्हा भरता येतात. उतारच चुकला असेल तर मात्र वरवरची मलमपट्टी उपयोगाची नाही, तेवढी फरशी उखडून पुन्हा करावी लागते. मिस्त्रीला दुरुस्तीची संधी आणि तारीख द्या. तो आलाच नाही, तर दुसऱ्या कारागिराकडून खर्चाचा अंदाज लेखी घ्या, शेवटच्या हप्त्यातून तेवढीच रक्कम कापा आणि उरलेली त्याला पोचवा. दोन हजारांच्या दुरुस्तीसाठी दहा हजार अडवणे हा अन्यायच आहे. मिस्त्री बहुतेक वेळा आपल्याच गावचा असतो, बाजारात आणि मशिदीत रोज समोर येणारा.

खर्च शेवटच्या हप्त्याहून मोठा असेल आणि समोरचा दादच देत नसेल, तर कायदा आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. रेणापूरकरांसाठी ते लातूर. दोन वर्षांच्या आत जावे लागते. काम पाच लाखांपर्यंतचे असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. घरबांधणी हीसुद्धा सेवा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. पण एक फरक लक्षात ठेवा. गुत्त्याने दिलेले काम या कायद्यात बसते. आपल्या सांगण्यावरून रोजंदारीने करून घेतलेले काम ‘वैयक्तिक सेवेचा करार’ ठरण्याची शक्यता असते, आणि तो कायद्याने वगळलेला आहे. तो साधा कागद इथे कामाला येतो. सल्ल्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. महिलांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत कायदेशीर मदत मिळते. घरात कागद सांभाळणाऱ्या भगिनींनी हे जरूर लक्षात ठेवावे.

लातूर-नांदेडला फ्लॅट घेतलेल्यांसाठी वेगळी तरतूद आहे. रेरा कायद्याखाली ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत कारागिरीचा दोष निघाला, तर बिल्डरने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. बिल्डरला लेखी कळवा आणि पोच घ्या.

बोलीचा कागद, टाइलचे बिल, खोक्यावरचा शेडचा क्रमांक आणि काम चालू असतानाचे फोटो एका पिशवीत घालून घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. आणि तपासणीत काम पक्के निघाले, तर शेवटचा हप्ता त्याच दिवशी, मिस्त्री न्हाणीबाहेर हात धूत असतानाच द्या. उद्या या, असे त्याला सांगू नका.