अज्ञानाची ठेव आणि पालनकर्त्याचा अधिकार

दत्तक घेतलेल्या अथवा सांभाळावयास घेतलेल्या मुलाच्या नावे डाकघरात ठेव ठेवू पाहणाऱ्या माणसाकडे पालकत्वाचा दस्तऐवज मागणे म्हणजे त्याच्या वात्सल्याचा अवमान करणे होय, असे मत आपल्या सुशिक्षित मराठी कुटुंबांतून, आणि जेथे अनेक पिढ्यांपूर्वी आलेली मराठी घराणी तात्यापारा, बूढापारा, चौबे कॉलनी या वस्त्यांतून नांदत आहेत अशा रायपुरातही, वारंवार कानी पडते. हे मत मांडणाऱ्यांच्या अंतःकरणाच्या शुद्धतेविषयी मला शंका नाही. परंतु शुद्ध अंतःकरणातून निघालेले मत जेव्हा एखाद्या असहाय बालकाच्या हक्कालाच बाधा आणू लागते, तेव्हा ते तपासून पाहणे, आणि सदोष ठरल्यास स्पष्ट शब्दांत नाकारणे, हे कर्तव्यच होऊन बसते.

प्रथम हा पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. सुकन्या समृद्धी खाते असो, सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधी असो, की डाकघरातील बचतीची अन्य कोणतीही योजना असो, अज्ञान मुलाच्या वतीने सही करण्याचा अधिकार आईला किंवा बापाला, आणि ती दोघेही हयात नसल्यास वा असमर्थ असल्यास, कायद्यान्वये ज्याच्याकडे त्या मुलाच्या मालमत्तेची देखभाल येते त्याला, एवढ्यांनाच आहे. परिणामी धाकट्या दिराची मुलगी तान्ही असल्यापासून पदरात घेतलेली थोरली जाऊ, बालकल्याण समितीच्या हुकुमाने काही काळ मूल सांभाळणारे प्रतिपालक कुटुंब, किंवा मुलगा परगावी गेल्यामुळे नातीला वाढविणारी आजी, या सर्वांना खिडकीवरून परत फिरावे लागते. २०२४ साली अर्थमंत्रालयाने आजीआजोबांनी उघडलेली सुकन्या खाती आईबापांच्या किंवा कायदेशीर पालकांच्या नावे वळवून घेण्याचा आदेश काढला, तेव्हा या आक्षेपाला आणखीच धार आली. जो वाढवितो तोच पालक, असे सरळ तत्त्व सरकारने का स्वीकारू नये, असा या पक्षाचा प्रश्न आहे, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

परंतु या प्रश्नात दोन भिन्न गोष्टींची सरमिसळ झालेली आहे. मुलाला वाढविणे हे एक, आणि मुलाच्या द्रव्यावर त्याच्या वतीने सही करणे हे दुसरे. पहिल्यासाठी माया पुरते. दुसऱ्यासाठी जबाबदारी लागते, आणि जबाबदारी म्हटली की ती कोणी कोणाला द्यावयाची, किती द्यावयाची आणि चुकल्यास जाब कोणी विचारावयाचा, हे आधी ठरलेले असावे लागते. १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाने पालकाला विश्वस्ताच्या जागी बसविले आहे आणि पाल्याची मालमत्ता, सामान्य शहाणपणाचा मनुष्य स्वतःची मालमत्ता जितक्या काळजीने सांभाळील तितक्या काळजीने सांभाळण्याचे बंधन त्याच्यावर घातले आहे. खात्याचा मालक मूल आहे, आणि हा मालक असा की त्याची सही चालत नाही, त्याला पासबुक वाचता येत नाही, आणि रक्कम काढली गेली तरी ती गेल्याचे त्याला कळतही नाही. अशा मालकाच्या बाजूने दस्तऐवजाखेरीज दुसरा साक्षीदार तरी कोण? ज्या रायपुरात वामनराव लाखे यांनी १९१३ साली सहकारी बँकेचा पाया घातला, त्या गावाला परक्याच्या पैशाला हिशेब आणि सही लागते हे वेगळे सांगण्याचे कारण नसावे.

येथे रायपूरच्याच इतिहासाकडे वळणे अगत्याचे आहे, कारण या गावाचे भाग्य एका दत्तक अज्ञान बालकाशी ज्या रीतीने निगडित झाले, त्याचा आपल्याला विसर पडलेला दिसतो. सीताबर्डीच्या लढाईनंतर अप्पासाहेब भोसले पदच्युत झाले आणि १८१८ साली दुसऱ्या रघूजींचा दौहित्र असलेला बाजीबा हा अल्पवयीन मुलगा दत्तक घेऊन तिसरे रघूजी म्हणून नागपूरच्या गादीवर बसविण्यात आला. तो सज्ञान होईपर्यंत राज्याचा सगळा अंमल रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स याने त्याच्या नावाने चालविला, आणि छत्तीसगडचा कारभार ज्या कर्नल ॲग्न्यूकडे सोपविला गेला होता त्याच्या काळात या प्रांताचे मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास आले. म्हणजे आज आपण जिला राजधानी म्हणतो, तिचे हे स्थान एका दत्तक मुलाच्या अज्ञानपणात, पालनकर्त्याच्या सहीने ठरले. १८३० साली छत्तीसगड पुन्हा भोसल्यांच्या हाती आले. पालनकर्त्याचा अधिकार तेथे संपला आणि मालकाचा सुरू झाला. पण पुढे ११ डिसेंबर १८५३ रोजी हेच रघूजी निपुत्रिक वारले, घराण्याने यशवंतराव यांना दत्तक घेतले, ते दत्तविधान डलहौसीने मानले नाही, आणि १८५४ साली राज्याबरोबर छत्तीसगडही खालसा झाले. जडजवाहीर, हत्तीघोडे आणि वाड्यांतील सामान यांचा लिलाव पुकारला गेला. एकाच घराण्यातील दोन दत्तके, दोहोंमध्ये अवघे पस्तीस वर्षांचे अंतर. पहिले सत्तेच्या सोयीचे होते म्हणून ग्राह्य ठरले, दुसरे गैरसोयीचे होते म्हणून अग्राह्य.

यावर प्रतिपक्ष म्हणेल की हे उदाहरण आमच्याच पक्षाचे आहे, दत्तकाला मान्यता देण्या-न देण्याचा अधिकार सरकारपाशी ठेवल्यामुळेच हा अनर्थ झाला. अनर्थ मर्जीमुळे झाला हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच मर्जीची जागा कायद्याने आणि नोंदलेल्या कागदाने घेतली याचे मला मोल वाटते. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाने दत्तक मूल दत्तकाच्या तारखेपासून सर्वार्थाने दत्तक आईबापांचे ठरविले. नोंदणी झालेले, देणाऱ्याघेणाऱ्यांच्या सह्यांचे दत्तकपत्र न्यायालयापुढे आले तर दत्तविधान कायदेशीर झाले असेच गृहीत धरावे, असे त्याचे सोळावे कलम सांगते. आज कोणा अधिकाऱ्याला डलहौसीप्रमाणे मान हलवून ‘नाही’ म्हणता येत नाही ते या कलमामुळे. जो गृहस्थ भावाची मुलगी दत्तक घेतो, घरात समारंभ करतो, शाळेत आपले नाव लावतो, आणि दत्तकपत्राची नोंदणी मात्र ‘आपल्यात कशाला’ म्हणून टाळतो, तो त्या मुलीला पुन्हा मर्जीच्या हवाली करीत असतो, एवढेच की ही मर्जी आता सरकारची नसून भाऊबंदांची असते. भावाभावांत वाटणीवरून वितुष्ट आले म्हणजे रक्कम भरणारा एक आणि खात्यावर पालक म्हणून नाव असलेला दुसरा, असा प्रसंग उभा राहतो, आणि मुलीच्या ठेवीला दोन्ही बाजूंनी कुलूप लागते.

दत्तकाच्या बाबतीत, खरे पाहता, कायदा पुष्कळ उदार आहे. दत्तकापूर्वी मुलाकडे आलेली मालमत्ता दत्तकानंतरही त्याचीच राहते, आणि २०१५ च्या बालन्याय अधिनियमानेही हाच न्याय कायम ठेवला आहे. म्हणून आधीच्या पालकाने उघडलेले खाते बंद करण्याचे कारण नाही, पालकाचे नाव तेवढे बदलावयाचे. सुकन्या योजनेच्या नियमांत कुटुंबाच्या व्याख्येत दत्तक अपत्यांचा उल्लेख स्पष्ट आहे, त्यामुळे एका कुटुंबात दोन मुली ही मर्यादा औरस आणि दत्तक या दोघींना सारखीच लागू होते. सप्टेंबर २०२२ पासून बालन्याय अधिनियमाखालील दत्तकाचा हुकूम न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. यानंतरही जो म्हणतो की सरकार दत्तक आईबापांना परके लेखते, त्याने नियमांचे वाचन केलेले नाही.

याच पक्षाचे लोक गीता हरिहरन यांच्या खटल्याचा दाखला देतात. या लेखिकेने मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेच्या मदत-रोख्यांसाठी अर्ज केला, पालक म्हणून स्वतः सही केली, आणि बापाची सही हवी म्हणून अर्ज नाकारला गेला. १७ फेब्रुवारी १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कायद्यातील ‘बापानंतर आई’ याचा अर्थ बापाच्या मृत्यूनंतर एवढाच नव्हे, तर बाप कारभार पाहत नसेल तेव्हाही, असा घेतला पाहिजे. या निकालाने पालक कोण याचे उत्तर व्यापक केले. पालक लागतोच, हा सिद्धांत त्याने किंचितही सैल केला नाही. अन्याय झाला तेथे उपाय हाच असतो: योग्य माणसाला अधिकार द्यावा, अधिकाराची गरजच नाहीशी करू नये.

आता प्रतिपालक कुटुंबाचा प्रश्न, आणि येथे प्रतिपक्षाच्या तक्रारीत मोठे तथ्य आहे. बालन्याय अधिनियमाच्या चव्वेचाळिसाव्या कलमाखाली सांभाळावयास दिलेल्या मुलाचे शिक्षण, आरोग्य आणि आहार यांची जबाबदारी त्या कुटुंबावर येते. मालमत्तेचा अधिकार येत नाही, आणि तो न येणे योग्यच आहे, कारण हे नाते मुदतीचे असू शकते. मिशन वात्सल्याखाली दरमहा मिळणारे ४,००० रुपये पोटाला आणि पाटीपुस्तकाला आहेत. त्यातून घरखर्च झाला तर त्यात गैर काही नाही. परंतु मृत बापाचा विमा, अपघाताची नुकसानभरपाई, गुन्ह्याला बळी पडलेल्या मुलाला मिळालेली रक्कम, ही कोणाची? ती निःसंशय मुलाची आहे. अपघात न्यायाधिकरणांनी अज्ञानाची रक्कम तो सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत गुंतवावी, असे सर्वोच्च न्यायालयाने सुसम्मा थॉमस खटल्यात सांगून ठेवले आहे, ते याच कारणासाठी. आणि सर्वांत जाचक बाब अशी की सुकन्या खाते मुलीचे दहावे वर्ष ओलांडल्यावर उघडताच येत नाही. म्हणून जिच्या आईबापांचा पत्ता नाही आणि जिला कायद्याने नेमलेला पालक नाही, अशी आठ वर्षांची मुलगी प्रतिपालक घरी दोन वर्षे सुखाने राहते आणि त्या दोन वर्षांत तिचा हा हक्क कायमचा लयास जातो. जानेवारी २०२४ पासून ८.२ टक्के व्याज देणारी ही ठेव ज्या मुलीला सर्वांत आवश्यक, तिलाच ती मिळत नाही.

यावर प्रतिपक्षाचा उपाय आहे प्रतिपालकाला पालक माना. माझा उपाय वेगळा आहे, आणि तो नवा नाही. करोनाने ज्यांचे आईबाप, अथवा दत्तक आईबाप, हिरावून घेतले त्या मुलांसाठी २०२१ साली पीएम केअर्स योजना निघाली, तेव्हा डाकघरात मुलाचे खाते जिल्हाधिकाऱ्याच्या सहभागाने उघडण्यात आले. अठराव्या वर्षी दहा लाख होतील अशी रक्कम त्यात ठेवली, अठरा ते तेवीस या वयात दरमहा विद्यावेतन, आणि तेविसाव्या वर्षी मुद्दल मुलाच्या हाती. म्हणजे शासनाने स्वतः पालनकर्त्याची जागा घेण्याची रीत आपल्याकडे प्रचारात आहे. महामारीने पोरक्या झालेल्या मुलाला जो न्याय, तो दारिद्र्याने वा परित्यागाने पोरक्या झालेल्या मुलाला का नाही? ज्या शासनाच्या समितीने मूल एका घरी सोपविले, त्याच शासनाने त्याच्या ठेवीचे पालकत्व पत्करावे. प्रतिपालकाला खात्यात रक्कम भरता यावी, काढता मात्र येऊ नये. पुढे हेच कुटुंब मूल दत्तक घेईल तेव्हा, हुकूम होताच, पालकाची जागा त्याच्याकडे जावी.

कलेक्टरसाहेबांना इतका वेळ कुठला, हा शेवटचा आक्षेप. इंग्लंडमध्ये शासनाच्या आधाराने वाढणाऱ्या मुलांसाठी सरकार २०० पौंडांचे खाते उघडते, आणि ती खाती सांभाळण्याचे काम शेअर फाउंडेशन नावाच्या एका धर्मादाय संस्थेकडे सोपविलेले आहे. देशभराची खाती एक संस्था पाहू शकते, तर एका जिल्ह्यातील मोजकी खाती जिल्हा बाल संरक्षण कक्ष पाहू शकणार नाही, हे मानण्यास मी तयार नाही. दहा वर्षांवरील मुलाला डाकघरात स्वतःच्या नावे बचत खाते उघडता येते आणि स्वतः चालविताही येते. त्या वयाचे मूल घरी आलेल्या प्रतिपालकाने त्याला जयस्तंभ चौकातील डाकघरात नेऊन त्याच्याच हातून अर्जावर सही करवावी, एवढे तर आजही शक्य आहे. आणि दहा वर्षांखालील मुलीसाठी रायपूरच्या बालकल्याण समितीने प्रतिपालकत्वाच्या हुकुमाबरोबरच जिल्हाधिकाऱ्यांना तिच्या खात्याचे पालक नेमून घेण्याची तजवीज सुरू करावी, आणि अधिनियमाच्या एकशे पाचव्या कलमाखालील बालन्याय निधीतून त्या खात्यात पहिले अडीचशे रुपये, तिचे दहावे वर्ष भरण्याआधी, भरले जावेत.