गोडी जिभेची की फळाची?

पश्चिम आफ्रिकेतील 'मिरॅकल फ्रूट' हे दुर्मिळ फळझाड आता आपल्याकडील काही रोपवाटिकांतही मिळू लागले आहे. फळ बोटाच्या पेराएवढे, लाल, स्वतः किंचितच गोड; परंतु त्याचा गर जिभेवर घोळविल्यानंतर साधारण अर्धा-पाऊण तास लिंबूही मधुर लागते. हा प्रभाव मिरॅक्युलिन या प्रथिनाचा असल्याचे १९६८ मध्ये दाखविण्यात आले.

एवढ्यावरून या फळास मधुमेहावरील औषध ठरविण्याची घाई होऊ नये, असे आम्हांस वाटते. साखरेवाचून गोडी मिळणे, हा पथ्यातील उपयोग मान्य. मात्र बदलते ती जीभ, लिंबू नव्हे. गोड लागते म्हणून अम्लपित्ताच्या रुग्णाने चार लिंबे चोखली, तर आम्लता बाधणारच. रस जिभेच्या स्पर्शाने कळतो, विपाक मात्र कर्माच्या अंतिम परिणामावरून, हा चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील (अध्याय २६) विवेक येथे स्मरावा. आपल्या गुडमारची पाने चघळल्यावर साखर बेचव लागते, म्हणून तिचे साखरपण जात नाही!

सबब, औषधालयचालकांनी हे फळ मधुमेहहर म्हणून विकू नये. आणि वैद्यबंधूंनी, विचारणाऱ्या रुग्णास चालू औषध न सोडण्याविषयी स्पष्ट बजावावे.