वेबसाइटचं डाएट

परवा एका संपादक मॅडमनी फोनवर विचारलं, ‘‘तुझं आधीचं काम कुठे बघायला मिळेल?’’ मी ऐटीत माझ्या वेबसाइटची लिंक पाठवली. मॅडम तेव्हा डेक्कन क्वीनमध्ये, खंडाळ्याच्या घाटात. कर्जत आलं तरी त्यांच्या मोबाइलवर नुसतं गोल गोल फिरणारं चक्र! संध्याकाळपर्यंत ते काम दुसऱ्याच कुणाला तरी मिळालं होतं.

माझं डोकं सॉलिड सटकलं. नेटवर्कला शिव्या घालत होते, तेवढ्यात ग्रुपमधल्या वेब डिझायनर मित्राने साइट तपासली. म्हणाला, ‘‘बाई, तुझं होमपेज ११ एमबीचं आहे. घाटाला कशाला दोष देतेस?’’

आपोआप सुरू होणारा मरिन ड्राइव्हचा व्हिडिओ, कॅमेऱ्यातून थेट चढवलेले फोटो, चार तऱ्हेचे फॉण्ट. सगळे लाड माझेच.

अर्थात, जाडी फक्त माझीच साइट नाही. एचटीटीपी अर्काइव्हच्या नोंदी सांगतात, की २०१०च्या अखेरीस सर्वसाधारण वेबपेज अर्ध्या एमबीच्या आत होतं. २०२२मध्ये ते २ एमबीच्या पुढे गेलं. आणि प्रत्येक एमबीमागे सर्व्हर, मोबाइल टॉवर आणि आपला फोन वीज खातात. आपल्याकडे बरीचशी वीज कोळशाची. मी मात्र प्रिंटआउट काढत नाही म्हणून स्वतःला ‘ग्रीन’ समजत होते!

मित्राने मग ‘लो-टेक मॅगझिन’ची सोलर साइट दाखवली. २०१८पासून ती बार्सिलोनातल्या एका बाल्कनीतल्या सौर पॅनेलवर चालते. फोटो मुद्दाम कमी रंगांचे, दाणेदार. पानाच्या रंगावरून बॅटरी किती उरली ते कळतं. बरेच दिवस ढगाळ हवा राहिली, तर साइट चक्क बंद पडते!

एवढं काही मला जमणार नव्हतं. पण व्हिडिओ गेला, फोटो लहान करून वेबपीमध्ये आले, फॉण्ट एकच उरला. खालचे फोटो तिथवर स्क्रोल केल्यावरच लोड होतात. दोन संध्याकाळी गेल्या. ११ एमबीचे ६०० केबी झाले. एका साइटने पृथ्वी वाचत नाही, मान्य. पण समोरच्याचा डेटा, बॅटरी आणि वेळ तर वाचतो ना!

तेव्हा बॉस, पुढच्या मीटिंगमध्ये कुणी ‘होमपेजवर व्हिडिओ टाकू या’ म्हणालं, की एकच विचारा, ‘वजन किती?’

मॅडमना नवी लिंक पाठवलीय. कालच उत्तर आलं, ‘उघडली. सोमवारी फोन कर.’