भागीदार म्हणता, मग पंचनाम्यात आमचं नाव कुठं?

सध्या सरकारी बैठकांत एक नवा शब्द ऐकायला मिळतो : भागीदारी. आपत्ती यायच्या आधीच तयारी करायची आणि त्यात गावानं भागीदार व्हायचं, असं साहेब लोक सांगतात. जानेवारी २००५ मध्ये जपानच्या कोबे शहरात १६८ देशांनी हेच मान्य केलं. त्याच वर्षी २३ डिसेंबरला आपल्याकडं आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष कलेक्टर, सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. कागद चांगलाय. पण या भागीदारीत आमचा वाटा कोणता?

जिंतूरच्या डोंगरपट्ट्यातले आम्ही आंध. आमची कितीतरी घरं गायरानावर पोट भरतात. बापजाद्यांनी दगड वेचले, बांध घातले, तवा कुठं ती जमीन वहितीला आली. गारपीट झाली, अतिवृष्टी झाली की पंचनाम्याला माणूस येतो, बांधावर उभा राहून विचारतो, "सातबारा?" नाही म्हटलं की पेन खिशात. शेजाऱ्याच्या कापसाचं नुकसान धरतात, आमच्या कापसाला अतिक्रमण म्हणतात. आमच्या वस्तीवरची एक म्हातारी मागच्या साली म्हणली, "सायेब, पाऊस काय सातबारा पाहून पडला का?" साहेब हसले. लिहिलं काहीच नाही.

आम्ही कोण, किती जमीन कसतो, हे सरकारला माहीत नाही असं थोडंच आहे? अतिक्रमणाची नोंद गाव नमुना १-ई मध्ये होते. दंडाची पावती आमच्या नावानं फाटते. दंड घेताना आमचं नाव सापडतं, मदत देताना का सापडत नाही?

हे आजचं नाही. किल्लारी आठवा. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदं अंगावर पडून हजारो माणसं गेली. मग जागतिक बँकेचं कर्ज आलं, देशभरातून संस्था आल्या. भागीदारीच होती ती. घरं उभी राहिली, ते नाकारायचं नाही. पण नव्या गावठाणात घर केवढं? भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्याच्यावर ७५०. धरणी सगळ्यांच्या पायाखाली हलली, घर मात्र जमीन मोजून मिळालं. त्याच कामात गावोगावच्या महिला मंडळांतल्या बाया संवाद सहायक झाल्या, मजबूत घर कसं बांधायचं ते शिकून त्यांनी घरोघरी सांगितलं. म्हणजे गरीब माणसाला कळत नाही, ही सबब चालायची नाही.

आता १९७२ चा दुष्काळ घ्या. खडी फोडणाऱ्या मजुरांनी काम द्या, दाम द्या म्हणून मोर्चे काढले. त्या रेट्यातून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्यात काम मागायला सातबारा लागत नव्हता, दोन हात लागत होते. म्हणून ती मदत आमच्या झोपडीपर्यंत आली.

कोणी म्हणतील, अतिक्रमणाला भरपाई दिली तर उद्या सगळं गायरान जाईल, गावची जनावरं चरतील कुठं? आमचीही जनावरं तिथंच चरतात. आणि १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली भूमिहीन दलित-आदिवासींची शेतीची अतिक्रमणं कायम करायचा निर्णय सरकारनंच २८ नोव्हेंबर १९९१ ला काढला. तो अमलात आणा एवढंच आम्ही म्हणतो. शिवाय पीक बुडाल्याची मदत म्हणजे मालकी नव्हे. आपत्तीच्या कायद्याचं कलम ६१ सांगतं की मदत देताना जात, समाज, वंश, धर्म, स्त्री-पुरुष असा भेद करू नका. सातबाऱ्यावरून भेद करू नका, हे लिहायचं तेवढं राहून गेलं. तो भेद आम्हीच मोडून काढू.

आमच्या मागण्या :

१) पंचनामा वहिती पाहून करा. १-ई ची नोंद आणि दंडाची पावती पुरावा धरा.
२) जिल्ह्याचा आराखडा करताना वस्तीवर या. कोणता ओढा कुठं फुटतो, कोणती विहीर कधी आटते, हे आम्हाला विचारा.
३) १९९१ च्या निर्णयात बसणाऱ्यांना सातबारा द्या.

साथींनो, पावत्या जपून ठेवा. नुकसान झालं की त्याच दिवशी वहीत लिहा : कोणाचं शेत, कोणतं पीक, किती गेलं. पंचनाम्याला वस्तीवरची पाच-दहा माणसं बांधावर हजर राहा. बाया पुढं असू द्या. ग्रामसभेत ठराव घ्या आणि त्याची नक्कल मागून घ्या. पुढच्या बैठकीत कोणी भागीदार म्हणून सही मागितली, तर आधी ही वही टेबलावर ठेवा.

कसणाऱ्याचं नाव लिहा, मग भागीदारीचं बोला!