पाण्याचा धडा बागेतून शिकवूया



22 मार्चचा जागतिक जल दिन आला की आपल्या शाळांत घोषवाक्यं, चित्रं, निबंध यांची गडबड सुरू होते. दात घासताना नळ बंद ठेवा, असं आपण मुलांना सांगतो. ज्याच्या घरी हंड्याने पाणी आणतात, त्या मुलाने कोणता नळ बंद करायचा? माझं स्पष्ट मत आहे, की फळबागांच्या गावात पाण्याचा धडा बागेतूनच शिकवला पाहिजे. तिथे त्याला नावही तयार आहे : ताण.

मोसंबी, संत्रा, डाळिंब लावणाऱ्या घरातली मुलं हा शब्द लहानपणापासून ऐकतात. आंबिया बहार धरायचा तर थंडीत मोसंबीचं पाणी तोडतात. हलक्या जमिनीत थोडे दिवस, भारी काळ्या जमिनीत जास्त दिवस. पाणी थांबलं की झाडाची नवी पालवी थांबते, पानं मलूल होतात, काही गळतात आणि झाड अन्न साठवून ठेवतं. मग ताण तोडायचा. तोही एकदम भडाभडा पाणी सोडून नाही. आधी हलकं आंबवणीचं पाणी, नंतर चिंबवणीचं. त्यानंतर झाड फुलतं. पण फळ धरल्यावर हयगय चालत नाही. डाळिंबाला पाणी कधी कमी, कधी जास्त झालं की फळ तडकतं.

आता "झाडांना काय लागतं?" या प्रश्नाला एखाद्या मुलाने "कधी कधी पाणी द्यायचं नसतं" असं उत्तर लिहिलं, तर आपण लाल पेन उचलणार का? तो चुकलेला नाही. पुस्तकात एका ओळीत सांगितलेलं त्याला जास्त बारकाईने माहीत आहे.

आपल्याकडचा ताण मुख्यतः बहार धरण्यासाठी असतो. पण हाच विचार पाणी वाचवण्यासाठीही वापरता येतो. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातल्या टाटुरा इथे 1980 च्या आसपास पीच आणि नासपतीच्या बागांवर यावर बरंच काम झालं. पीचचं फळ सुरुवातीला झपाट्याने वाढतं, मधे कोय टणक होताना थबकतं आणि शेवटी पुन्हा भराभर फुगतं. मधल्या काळात फांद्या मात्र सुसाट वाढत असतात. तेव्हा पाणी कमी केलं, तर आवरतात त्या फांद्या. फळाचं फारसं बिघडत नाही. कॅलिफोर्नियात बदामाचं वरचं साल उकलू लागतं तेव्हा पाणी थोडं कमी करतात. त्याने पाणी तर वाचतंच, सालीची कुजही कमी होते.

म्हणजे "पाणी कमी वापरा" एवढं सांगून भागत नाही. केव्हा कमी करायचं आणि केव्हा अजिबात करायचं नाही, हे मुलांना कळायला हवं. दोन वर्षांच्या रोपाला ताण देत नाहीत. शाळेच्या परसबागेतल्या मेथीलाही नाही. (नाहीतर उत्साही मंडळी उन्हाळी सुट्टीत परसबाग सुकली, की "ताण दिला होता" म्हणतील!) आणि दुष्काळ हा ताण नव्हे. 2012-13 मध्ये जालना भागात मोसंबीच्या बागा जगवायला लोकांनी टँकर लावले, तरीही कितीतरी बागा वाळल्या. मोजून दिलेला ताण वेगळा आणि नाइलाजाने तुटलेलं पाणी वेगळं. हा फरक त्या घरातल्या मुलांना समजावून सांगावा लागत नाही. आपण फक्त त्यांना बोलू द्यायचं.

पाचवीसाठी गणितही तयार आहे. आकडे सोपे धरूया. 500 झाडं, प्रत्येकाला ताशी 4 लिटरचे 2 ड्रिपर, रोज 2 तास. दिवसाला 8,000 लिटर. 40 दिवस बंद, म्हणजे 3,20,000 लिटर. दहा हजार लिटरचे 32 टँकर! मुलं हे गणित विसरत नाहीत.

पालकहो, तुमच्यापैकी कुणी एक तास वर्गात येऊन बहार कसा धरता ते सांगाल का? भाषण नको. एक फांदी आणा, ड्रिपची नळी आणा. एका प्रश्नाची मात्र तयारी ठेवून या, कारण मुलं तो विचारतातच : वाचलेलं पाणी विहिरीतच राहतं, की शेजारच्या बोअरने उपसलं जातं, की त्यावर आपणच आणखी ऊस लावतो?