परतलेल्या सैनिकाचे मन

४ डिसेंबर २०२३ रोजी तारकर्लीच्या किनाऱ्यासमोर नौदल दिन साजरा झाला. युद्धनौका आल्या, विमानांच्या कसरती झाल्या आणि पंतप्रधानांच्या हस्ते मालवणच्या राजकोटावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण झाले. (तो पुतळा नऊ महिने पुरे होण्याआधीच कोसळला, हा निराळा आणि लाजिरवाणा विषय आहे.) नौदल दिन पाळला जातो तो १९७१ च्या कराचीवरील यशस्वी हल्ल्याच्या स्मरणार्थ. त्या हल्ल्यानंतर पाचच दिवसांनी, ९ डिसेंबरच्या रात्री, दीवजवळच्या समुद्रात ‘खुकरी’ ही युद्धनौका पाकिस्तानी पाणबुडीच्या माऱ्याने बुडाली. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. गेलेल्यांची आठवण आपण ठेवतो आणि ती ठेवलीच पाहिजे. परंतु त्या रात्री काळ्या पाण्यातून जे वाचले, त्यांच्या पुढच्या रात्री कशा गेल्या असतील, हा प्रश्न आपल्या सार्वजनिक चर्चेत क्वचितच येतो.

तळकोकणाला तरी हा प्रश्न परका वाटू नये. ज्या जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा झाला, त्या जिल्ह्यातील पोरसवदा तरुणापुढे पिढ्यान् पिढ्या मुंबईची गिरणी किंवा सरकारची बंदूक याच मोठ्या वाटा होत्या. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात कूत-अल-अमारा येथे १४७ दिवस वेढ्यात अडकल्या. अन्न संपले आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली. उरले त्यांना तुर्कांच्या कैदेत वाळवंट तुडवावे लागले. त्या महायुद्धाचे शिलालेख महाराष्ट्रातील अनेक गावांत आजही दिसतात. गावातून किती माणसे गेली आणि किती कामास आली, एवढे दोनच आकडे त्यांवर कोरलेले असतात. परत आली पण पूर्वीची राहिली नाहीत, अशांचा तिसरा आकडा कोणी कोरला नाही.

सैनिकाच्या शरीराची काळजी घेण्याची परंपरा मात्र आपल्याकडे जुनी आणि अभिमानास्पद आहे. अपंग सैनिकांना हस्तव्यवसाय शिकविणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था १९१७ साली मुंबईत सुरू होऊन पुढे खडकीस गेली. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चे, तर पाठीच्या कण्याला इजा होऊन लुळे पडलेल्या जवानांसाठीचे खडकीचे पुनर्वसन केंद्र १९७४ चे. तुटलेला पाय दिसतो, त्याचे माप घेता येते, त्या मापाचा नवा पाय बनविता येतो. रात्री दोन वाजता अंगणात येऊन उभा राहणारा, फाटकाची कडी पुन्हा पुन्हा तपासणारा चाळिशीचा माणूस कोणत्या मापात बसवायचा?

‘पुनर्वसन’ हा शब्द कोकणी माणसाला धरणाच्या संदर्भात ठाऊक आहे. तिलारीने तो दोडामार्ग तालुक्याला चांगलाच शिकविला. सैनिकांच्या बाबतीतही सरकारी भाषेत त्याचा अर्थ जवळजवळ तसाच, म्हणजे जागा बदलून देणे हा आहे. निवृत्तीपूर्वी जवानाला एखादा अभ्यासक्रम शिकविला जातो, नोकऱ्यांत राखीव जागा असतात, २०२० पासून महाराष्ट्रात घरपट्टी माफ आहे, मुलांना शिष्यवृत्ती आणि वसतिगृह आहे. यांतले काहीही टाकाऊ नाही. परंतु शिपाई म्हणून भरती झालेला मुलगा सतरा-अठरा वर्षांची नोकरी करून ज्या वयात घरी येतो, त्या वयात त्याच्या वर्गमित्राची चाकरी अजून अर्ध्यावरही आलेली नसते. त्याला घरात नवे स्थान मिळवावे लागते आणि त्या कामाचा अभ्यासक्रम कोणी घेत नाही.

हे घर कसे असते ते पाहू. सतरा वर्षे ते त्याच्या घरकारणीने चालविलेले असते. शेत कोणाला द्यायचे, काजूचा दर कोणत्या व्यापाऱ्याशी ठरवायचा, मुलीला कुडाळच्या कॉलेजात घालायचे की मालवणच्या, म्हाताऱ्या सासूचे औषधपाणी, हे सारे निर्णय तिने एकटीने घेतलेले असतात. नवरा वर्षातून दोनदा रजेवर यायचा, तेव्हा पाहुणा असायचा आणि घर त्याच्याभोवती सणासारखे फिरायचे. तो कायमचा आला की सण संपतो. पहाटे पाचला उठून तो सर्वांना उठवितो, चप्पल जागेवर नाही म्हणून मुलावर ओरडतो आणि हुकूम मानला गेला नाही की गप्प बसतो. मुलाने त्याचा आवाज इतका सलग पूर्वी कधी ऐकलेला नसतो. हे बहुतेक घरांत होते आणि बहुतेक घरांत वर्षा-दोन वर्षांत निवळतेही. असंख्य माजी सैनिक उत्तम बागायतदार झाले, सरपंच झाले, शाळांच्या समित्यांवर बसले, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. प्रत्येक परतलेल्या सैनिकाकडे संशयाने पाहणे हा त्याच्यावर दुसरा अन्याय होईल.

पण काही घरांत ते निवळत नाही. आंब्याच्या बागेत माकडे हुसकावण्यासाठी कोणी फटाका लावला की माणूस जमिनीवर पडतो आणि मग त्या पडण्याची शरम त्याला दिवसभर पुरते. कँटीनची रम आणि सीमेपलीकडून येणारी स्वस्त गोव्याची दारू झोपेचे औषध म्हणून सुरू होते. गाव म्हणते, ‘तेचा टकला फिरला’, किंवा त्याहून सौम्यपणे, ‘मिलिटरीतलो, तो असोच’. पहिल्या वाक्याने माणूस वाळीत पडतो, तर दुसऱ्याने त्याचे दुखणे त्याच्या स्वभावाच्या खाती जमा होते. दोन्ही प्रकारांत डॉक्टरकडे जाण्याचे कारण उरत नाही.

घरची माणसे मग देवाकडे जातात. रवळनाथापुढे किंवा सातेरीपुढे गाऱ्हाणे घातले जाते, कौल लावला जातो, कोणी बाहेरची बाधा आहे असे सांगतो. सुशिक्षितांनी यावर नाक मुरडण्याची प्रथा आहे, ती या लेखकास मान्य नाही. ज्या गावात मनाच्या डॉक्टरपर्यंत पोहोचायला एस.टी.चा अर्धा दिवस लागतो, तेथे माणसाचे दुःख दहाजणांसमोर मोठ्याने बोलून दाखविण्याची जागा फक्त देऊळच आहे. धोका आहे तो उपचार तेथेच संपण्याचा. तमिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले, ते धर्मस्थळाच्या आश्रयानेच राहत होते. याउलट गुजरातमध्ये उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात मुजावर आणि मनोविकारतज्ज्ञ एकाच आवारात काम करू लागले. ‘दवा आणि दुआ’ हे त्या कार्यक्रमाचे नाव. गाऱ्हाणे घालणाऱ्या गावकरानेच ‘आता ओरोसच्या डॉक्टरकडेही जाऊन ये’ असे सांगितले, तर ते वाक्य कोणत्याही भित्तिपत्रकापेक्षा लवकर मानले जाईल.

युद्धाने मन मोडते हे ज्ञान नवे नाही. १९१५ साली चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरने ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात वापरला. दोन वर्षांनी अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ थॉमस सामन यांनी अशा सैनिकांच्या उपचाराची जी सूत्रे मांडली, त्यांचे सार असे की उपचार जवळच व्हावा, विनाविलंब व्हावा आणि तू बरा होणार आहेस या अपेक्षेने व्हावा. त्यामागचा हेतू सैनिकाला पुन्हा खंदकात पाठविण्याचा होता, हे विसरता येत नाही. पण सूत्रे खरी होती. व्हिएतनामच्या युद्धानंतर अमेरिकेला ती पुन्हा शिकावी लागली. मोठमोठी सैनिकी रुग्णालये असूनही परतलेले सैनिक त्यांच्या पायऱ्या चढेनात, तेव्हा १९७९ साली तेथील सरकारने वस्त्यांतून छोटी समुपदेशन केंद्रे काढली आणि त्यांत माजी सैनिकांनाच कामाला बसविले. रोगाला ‘आघातोत्तर तणाव विकार’ हे अधिकृत नाव त्यानंतर, १९८० साली मिळाले. माणसे आधी एकमेकांशी बोलू लागली आणि शास्त्राचे शिक्कामोर्तब मागाहून झाले, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे.

आपल्याकडे याविषयी कायदा आणि योजना आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे. ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे आणि सैन्यदलांसाठी तिचा खास कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात उघडला. माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना २००३ पासून आहे. रत्नागिरीचे मनोरुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून उभे आहे, ओरोसला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे, आणि कुडाळ तालुक्यात पणदूर येथे जीवन आनंद संस्थेचा संविता आश्रम रस्त्यावर भटकणाऱ्या निराधार मनोरुग्णांना आसरा देतो. अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाबाबतही सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात २०१३ सालीच सांगितले आहे की, भरतीच्या वेळी नोंद नसलेला विकार पुढे उद्भवला, तर तो सेवेमुळेच उद्भवला असे गृहीत धरावे. तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार सरकारवर आहे. स्किझोफ्रेनियाचे निदान करून घरी पाठविलेल्या एका सैनिकाच्या बाबतीत, कारणे न देणारा वैद्यकीय मंडळाचा अभिप्राय मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने अमान्य केला. परंतु हे सारे मिळविण्यासाठी आधी कोणीतरी म्हणावे लागते, ‘मला बरे नाही.’ ज्याला वीस वर्षे ‘ठीक है, साब’ एवढेच म्हणायला शिकविले, त्याच्या तोंडून हे वाक्य दूरध्वनीवर, परक्या आवाजापुढे, निघण्याची शक्यता किती?

म्हणून अशा कार्यक्रमाचे नेतृत्व कोणी करावे, हाच खरा प्रश्न आहे. आमच्या मते ते डॉक्टरकडे असू नये. औषध डॉक्टरने द्यावे, गंभीर रुग्ण डॉक्टरने पाहावा, त्यात कोणी ढवळाढवळ करू नये. पण दारात जाऊन बसणारा माणूस निवृत्त हवालदार किंवा सुभेदार असला पाहिजे. असा माणूस शोधण्यासाठी नवे पद निर्माण करण्याची गरज नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत ‘कल्याण संघटक’ नावाचे पद आहे. त्यावर माजी सैनिकच नेमले जातात, आणि गावोगाव फिरून माजी सैनिक व विधवा यांच्या अडचणी समजून घेणे हे त्यांचे नेमलेले काम आहे. आज त्या अडचणी अर्जाच्या नमुन्यात बसतात तेवढ्याच ऐकल्या जातात. संघटकाला काही आठवड्यांचे प्रशिक्षण द्या आणि ऐकण्याची कक्षा वाढवा.

साध्या माणसाला असे काम जमेल का, ही शंका स्वाभाविक आहे. तिचे उत्तर तेरेखोलच्या खाडीपलीकडे मिळते. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगाथ’ या संस्थेने मनोविकाराचे शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशक म्हणून तयार केले. नैराश्य आणि चिंता यांवरील त्यांच्या कामाचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये २०१० साली आले आणि अपायकारक मद्यपान करणाऱ्या पुरुषांबाबतचे २०१७ साली. दुसऱ्या प्रयोगात दहा आरोग्य केंद्रांत फार तर चार भेटींचे समुपदेशन होते आणि नेहमीच्या उपचारापेक्षा त्याने अधिक माणसांची दारू सुटली किंवा आटोक्यात आली. ते रुग्ण सैनिक नव्हते, हे मान्य. पण सिंधुदुर्गातील रुग्ण बांबोळीच्या इस्पितळापर्यंत वर्षानुवर्षे जात असताना ही पद्धत खाडी ओलांडून इकडे येऊ नये, हे आश्चर्यच आहे. दारूतून बाहेर पडलेला माणूसच दुसऱ्याला हात देऊ शकतो, हे तर पुण्याच्या ‘मुक्तांगण’ने १९८६ पासून दाखवून दिले आहे.

निवृत्त शिपाई एकत्र आले म्हणजे काय घडू शकते, याचे कोकणातले जुने उदाहरण दापोलीच्या कॅम्पाचे आहे. पेन्शनर सैनिकांच्या त्या वस्तीत १८८६ साली निवृत्त होऊन आलेले गोपाळबाबा वलंगकर स्थायिक झाले आणि तेथूनच त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी चालविली. त्यांच्यामागे सरकारची योजना नव्हती. एकाच अनुभवातून गेलेल्या माणसांची शेजारवस्ती होती. मालवण, देवगड, वेंगुर्ले येथे महिन्यातून एक दिवस माजी सैनिकांची आणि निराळ्या खोलीत त्यांच्या पत्नींची बैठक भरू लागली, तरी बरेच काही होईल. पत्नींची बैठक वेगळी हवी, हा आग्रह धरण्यास कारण आहे: घरात काय चालले आहे ते त्यांनाच ठाऊक असते आणि नवऱ्यादेखत त्या ते बोलणार नाहीत.

या कामाला पैसा कोठून यावा, असे विचारणाऱ्यांस ध्वजदिन निधीची आठवण द्यावीशी वाटते. १९४९ पासून ७ डिसेंबरला हा दिवस पाळला जातो. शाळा-कचेऱ्यांतून, शिक्षकांच्या आणि कारकुनांच्या खिशांतून, विद्यार्थ्यांच्या खाऊच्या पैशांतून तो निधी जमतो आणि जिल्ह्याला उद्दिष्ट दिलेले असते. पैसे देणाऱ्यांना तो कशावर खर्च व्हावा, हे सुचविण्याचाही अधिकार आहे. शिक्षकाला आणखीही एक गोष्ट करता येते. सैनिकाचा मुलगा वर्गात अचानक गप्प झाला, तर ते त्याच्या आधी लक्षात येण्याइतके दुसरे कोणी जवळ नसते. आणि कारकुनाचे म्हणाल, तर प्रत्येक निवृत्तिवेतनधारक वर्षातून एकदा हयातीचा दाखला देतो. तू जिवंत आहेस ना, एवढे सरकार त्याला विचारते. त्याच टेबलाशी, त्याच वेळी, ‘झोप नीट लागते का?’ असा आणखी एक प्रश्न विचारण्यास कोणत्या शासननिर्णयाची अडचण आहे, ते समजत नाही.

घाई करण्याचे एक कारण आहे. २०२२ च्या अग्निपथ योजनेतील पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पुरी होतात. चौघांपैकी फार तर एकाला कायम ठेवायचे, असे त्या योजनेचे मूळ गणित आहे. उरलेले तिघे एकवीस ते पंचवीस-सव्वीस वर्षांच्या वयात घरी येतील. योजनेच्या मूळ अटींप्रमाणे त्यांना निवृत्तिवेतन नाही, माजी सैनिकांची आरोग्य योजना नाही आणि माजी सैनिक हा दर्जाही नाही. अर्थात कल्याण संघटकाच्या यादीत त्यांची नावे असणार नाहीत आणि हयातीचा दाखला त्यांच्याकडे कोणी मागणार नाही. मालवण-कुडाळच्या वाड्यांतून गेलेली ही मुले परत येतील तेव्हा कोणत्या कचेरीने त्यांची नोंद घ्यायची, हे जिल्हा प्रशासनाने आणि सैनिक कल्याण विभागाने आताच ठरवून जाहीर करावे.